आई दारात काय म्हणायची

४ फेब्रुवारी

धाकटे,

फोन करत नाही. तुझा फोन ती मदतनीस बाई उचलते आणि 'मॅडम मेकअपला बसल्यात' असं गोड आवाजात सांगून माझा निम्मा राग वाया घालवते. पत्रात मला मध्येच कुणी थांबवू शकत नाही. आधी खुशाली विचारायची रीत असते हे मला माहीत आहे. शेवटी जागा उरली तर विचारीन.

तुझं पुस्तक वाचलं. मी दिवसभर कपड्यांच्या कारखान्यात शिलाई तपासते. कुठे टाका सुटलाय, कुठे दोरा ओढला गेलाय, ते माझ्या बोटांना आपोआप कळतं. तुझ्या पुस्तकात तर कॉलरच्या जागी बाही लावलीय आणि लोक म्हणतायत, काय सुंदर बेतलंय.

एक खोली होती, छत गळत होतं, खरं आहे. बाबा एक दिवस कामाला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत, तेही खरं. मी शाळा सोडून आईच्याच गिरणीत सुताच्या कांड्या भरायला लागले, त्याला तू एक ओळ दिलीस, उपकार झाले. पण त्यानंतरचं पान मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा चष्मा काढून ठेवला. तुला पाठच असेल, तरी लिहिते: 'संध्याकाळी आई गिरणीतून परत यायची. उंबऱ्यात उभी राहून माझ्याकडे बघायची आणि रोज एकच शब्द म्हणायची. मूक. शाळेने मला दिलेलं नाव माझ्या आईने घरीही चालू ठेवलं. त्या शब्दापासून पळता पळता मी रंगमंचावर पोचले.' आणि पुस्तकाचं नावही तेच. वर मुखपृष्ठावर तुझे एवढे मोठे डोळे.

अगं, कोणत्या तोंडाने लिहिलंस हे? आईने तुला मूक म्हटलं? तुला?

त्याच्याआधी आणखी एक वाक्य आहे. 'आईचं मौन ही माझी पहिली शिक्षा होती.' काय पण वाक्य आहे. मागांच्या खात्यात शेकडो माग एकदम धडधडतात, शेजारी उभ्या बाईची किंकाळीसुद्धा ऐकू येत नाही. म्हणून तिथल्या बायका ओठांनी बोलतात. आवाज काढतच नाहीत, नुसते ओठ हलवायचे आणि हातांच्या खुणा करायच्या. आईचे कान तिथे गेले. गेल्यावर आपला आवाज किती मोठा निघतो ते तिला कळेना. दुकानात लोक वळून बघायला लागले, मागून हसायला लागले, तेव्हा तिने घरीदारी आवाज काढणंच सोडलं. तू तेव्हा रांगत होतीस. तिने आवाज सोडला, बोलणं नाही सोडलं. दिवसभर ओठांनी बोलायची, आणि तुझ्याशी सगळ्यांत जास्त. तूही तशीच बोलायला शिकलीस, नुसते ओठ हलवून. म्हणून शाळेतल्या बाईंना तू मुकी वाटलीस. यात आईने शिक्षा कुठे केली ते मला दाखव.

तुझी मुलाखत टीव्हीवर लागली तेव्हा आई अगदी पुढ्यात स्टूल घेऊन बसली होती. तिला वाचता येत नाही हे तुला ठाऊक आहे, पण ओठ ती आपण पेपर वाचतो तसे वाचते. तू हाच उतारा वाचून दाखवलास. तो शब्द उच्चारलास तोवर कॅमेरा नेमका तुझ्या तोंडावर होता, मग पुस्तकावर गेला. आईने डोळे पुसले. मग पुन्हा पुसले आणि उठून आत गेली. मी विचारलं तर हातानेच 'काही नाही' केलं. झालं का आता समाधान?

त्या दिवसापासून ती माझ्यामागे लागलीय, पुस्तक वाचून दाखव म्हणून. म्हणजे मी तिच्यासमोर बसून पानं ओठांनी म्हणायची. मी सांगितलंय माझा जबडा दुखतो. किती दिवस दुखणार तो?

पुढच्या आवृत्तीतून ते पान काढ. आणि स्वतः इथे येऊन तिला सांग की ते खोटं होतं. तोवर या घरात तुझं पुस्तक उघडणार नाही. सध्या ते डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली आहे. टेबल आता हलत नाही, एवढा तरी उपयोग झाला.

खुशाली विचारायला जागा उरली, पण इच्छा नाही.

तुझी ताई

१३ फेब्रुवारी

ताई,

टेबलाला माझा नमस्कार सांग. तुमच्या घरात निदान त्याला तरी माझा आधार वाटतो.

तुझं पत्र सेटवर मिळालं. दोन शॉटच्या मध्ये वाचलं, आणि पुढच्या शॉटनंतर दिग्दर्शक म्हणाला, आज राग फार खरा आला. म्हटलं, माझ्या बहिणीची कृपा.

तू शिलाई तपासतेस म्हणून तुला सगळ्यांचे सुटलेले टाके दिसतात. पण ज्या कापडाला तू हातच लावला नाहीस त्याच्याबद्दल कशी बोलतेस? तू तिथे नव्हतीस. तुझी दुपारची पाळी होती. आई सकाळच्या पाळीहून सुटून संध्याकाळी घरी यायची तेव्हा तू गिरणीत असायचीस, आणि त्या खोलीत मी एकटी असायचे. शाळेतून यायचं, दाराची कडी लावायची, आणि आई येईपर्यंत पातेल्यावरच्या झाकणाकडे बघत बसायचं.

आता नीट वाच, कारण हे मी जगाला सांगितलेलं नाही.

एक दिवस शाळेत बाईंनी माझ्यासमोरच मुख्याध्यापकांना विचारलं, 'ही मुलगी मूक आहे का?' शब्द मला नवा होता. बाकावरच्या मुलीने अर्थ सांगितला आणि वर जीभ काढून दाखवली. मी घरी आले. संध्याकाळी आई आली. केसांत कापसाचे तंतू, दोन्ही हातांत पिशव्या. दारातच थांबली, हनुवटी वर केली, माझ्याकडे बघितलं. ओठ मिटले, मग गोल झाले, मग किंचित उघडे राहिले. मूक. मी तोच शब्द सकाळी ऐकला होता, माझी चूक होणं शक्य नव्हतं. मला वाटलं, शाळेने तिला कळवलं.

मी जोरात मान हलवली. नाही. मी मूक नाही. तिने पिशव्या ठेवल्या, पातेल्यावरचं झाकण नीट बसवलं आणि पाय पसरून भिंतीला टेकून बसली. मला जेव म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. रोज ती तो शब्द म्हणायची आणि रोज मी मान हलवायची. ताई, जी बाई मला मूक म्हणते तिच्याकडे मी जेवण मागणार नव्हते. मी तशीच झोपायची. सकाळी तुझ्याबरोबर खायची, तेव्हा तुला वाटायचं ही पोर किती अधाशी आहे. म्हणालीही होतीस तसं.

उपाशी झोपण्याचं पुस्तकात लिहिलं नाही. आईची लाज राखली मी. आणि तू मला थापाडी म्हणतेस.

आणखी ऐकायचंय? एकदा शेजारणी येऊन बसल्या होत्या. आईने सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवलं आणि भाजी मागितली. मी आत जाऊन टोपली ओढत आणली, माझ्यापेक्षा मोठी होती ती. सगळ्या पोट धरून हसल्या. आईसुद्धा हसली. मी कोपऱ्यात जाऊन रडले. सांगितलेलं काम केलं तर हसायचं काय होतं त्यात?

पुढे नाटकाच्या सरांनी मला उभं केलं आणि म्हणाले, 'तुझ्या चेहऱ्यावर आख्खं वाक्य दिसतं. आता त्याला आवाज दे.' मी दिला. त्या दिवशी मी मला सापडले. माझं हे आयुष्य त्या शब्दाला उत्तर म्हणून उभं राहिलंय, आणि तू म्हणतेस ते पान फाडून टाक.

आई रडली याचं वाईट वाटतं. पण मीही रडले होते. तेव्हा कुठला कॅमेरा नव्हता, म्हणून ते खोटं ठरतं का? पान काढणार नाही.

तुझी,
थापाडी

१ मार्च

धाकटे,

तुझ्या पत्राला लगेच उत्तर लिहिलं होतं. शिव्यांनी भरलेलं होतं, फाडलं. दुसरं लिहिलं, तेही फाडलं. दरम्यान तुझ्या भाऊजींना वाटलं मी कुणाला तरी प्रेमपत्र लिहितेय. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय, त्यामुळे त्यांना हल्ली काहीही दिसतं.

तू लिहिलेली ती संध्याकाळ मी पुन्हा पुन्हा वाचली. हनुवटीपाशी अडकत होते. तू म्हणतेस, आई हनुवटी वर करायची. धाकटे, मागांच्या खात्यात हनुवटी वर केली की तो प्रश्न असतो. आवाज नसतो, मग शेवटी सूर चढवून विचारणार कसं? म्हणून हनुवटी चढवायची. नाव ठेवायला कुणी हनुवटी वर करत नाही. आई तुला काही म्हणत नव्हती, काहीतरी विचारत होती.

आता एक काम कर. आरशासमोर उभी राहा. आवाज न काढता 'मूक' म्हण. मग 'भूक' म्हण. मग पुन्हा 'मूक'.

मी केलं. पुन्हा केलं, आणि आरसा भिंतीकडे फिरवून ठेवला.

ओठ मिटून निघणारी अक्षरं दिसायला सगळी एकाच माळेचे मणी. मला कधी चुकायची नाहीत, कारण मी लहान असताना आईला आवाज होता. तिच्या ओठांमागे मला तो आवाज ऐकू यायचा, अजूनही येतो. तुझ्या वाट्याला नुसते ओठच आले. गिरणीत असा घोळ होऊ नये म्हणून बायका हाताची खूण करतात. भूक म्हटलं की पोटावर हात ठेवायचा. पण तूच लिहिलंस, दारात आईच्या दोन्ही हातांत पिशव्या असायच्या.

ती तुला विचारत होती, भूक? तू मान हलवायचीस, नाही. तिने झाकण ठेवलं.

तुझ्यावर मी अजून चिडलेली आहे, राग गेला असा गैरसमज नको. तू नव्या मुलींना अभिनय शिकवतेस. भुवई कुठे गेली, नजर कुठे गेली, सगळं त्यांना सांगतेस. आणि स्वतःच्या आईची हनुवटी इतक्या वर्षांत एकदाही आठवून पाहिली नाहीस? पुस्तक लिहिताना तरी? त्या भाजीचंही सांगते. त्या दिवशी माझी सुट्टी होती, मी घरात होते. आईने तुझ्याकडे बोट दाखवून शेजारणींना सांगितलं, 'माझी.' आणि तू जाऊन भाजीची टोपली घेऊन आलीस. म्हणून हसल्या सगळ्या. आई तर तुला उचलून घ्यायला उठली होती, तू कोपऱ्यात पळालीस.

तुझ्या पुस्तकात एक कडू औषध आहे, 'मला बोलतं करण्यासाठी पाजलेलं'. ते औषध भूक लागण्याचं होतं. आई गिरणीतून तशीच तुला डॉक्टरकडे घेऊन गेली होती, मी खाडा करून बरोबर आले होते, डॉक्टरला सगळं मीच सांगितलं. 'धाकटी संध्याकाळी जेवतच नाही, भूकच नाही तिला.' माझ्याच तोंडाने.

आणि हे लिहायचं नव्हतं, पण तू लिहिलंस तर मीही लिहिते. मी पाळी संपवून घरी यायची तेव्हा माझं ताट वाढलेलं असायचं, आणि त्यात वाट्याला येईल त्यापेक्षा जास्त असायचं. आई ओठांनी सांगायची, धाकटीचं आहे, तिला नकोय. मी खायची. मला भूक असायची ना.

आता राग कुणावर काढू ते सांग. त्या शाळेवर काढू, जिने एक प्रश्न आईला विचारायचा तो मुख्याध्यापकांना विचारला? की गिरणीच्या डॉक्टरवर? आईने कानांची तक्रार केली तेव्हा त्याने बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाला, मळ आहे. गरम तेल घाला. एवढ्या बायका बहिऱ्या झाल्या त्या खात्यात, आणि सगळ्यांच्या कानांत मळ. बाबा गेल्याचं मला कधी एवढं वाईट वाटलं नाही, जेवढं ते 'मळ आहे' आठवून वाटतं. माणसाचे कान घ्यायचे आणि वर त्यालाच कान साफ करायला सांगायचं.

म्हणून आता माझं म्हणणं उलटं आहे. पुस्तकातलं एक अक्षर बदलू नकोस. त्यात आई कठोर दिसते, दिसू दे. लोक तिला नावं ठेवतील, ठेवू देत, तिला थोडंच ऐकू येतंय. पण आपण विचारत राहिलो आणि पोर उपाशी झोपत राहिली, हे तिला या वयात कळलं तर ती अंथरूण धरेल. गप्प बस. मीही बसते.

ताई

१२ मार्च

ताई,

मेकअपच्या खोलीत आरसा मोठा असतो, चारी बाजूंनी दिवे. तिथेच करून पाहिलं. 'मूक' म्हटलं. आवाज न काढता, तीन-चारदा. मागे मेकअपवाली ब्रश धूत होती. तिने आरशात माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, 'मॅडम, भूक लागली का? आधी सांगायचं नाही का?' आणि धावत जाऊन बिस्किटं घेऊन आली.

बिस्किटं खाल्ली. तोंडावरचा सगळा रंग पुन्हा लावावा लागला.

त्या बाईला एका नजरेत कळलं, ताई. आणि मी त्यावर आख्खं पुस्तक लिहिलं.

प्रकाशकाला भेटले. म्हटलं, ते पान चुकलंय, नवीन लिहायचंय. सगळं ऐकून घेतलं त्याने, मग खुर्चीत मागे रेलून म्हणाला की कठोर आईवर वाचक रडतो, पण ओठ वाचताना झालेल्या घोटाळ्यावर हसेल. शिवाय मुलाखती झाल्यात, नाव गाजलंय. खरं-खोटं तुमच्या घरात ठेवा, असंही म्हणाला. माझ्या आईला त्याने किती सहज आमच्या घरात ठेवून दिलं. टेबलावर त्याचा चहाचा कप होता. तो त्याच्या अंगावर ओतावा असं फार वाटलं, पण रिकाम्या कपाने काय होणार, म्हणून नुसती उठून आले.

पण तुझं काय? तो म्हणतो गप्प बसा, पुस्तक चांगलं चाललंय. तू म्हणतेस गप्प बस, आई खचेल. दोघांची कारणं वेगळी असतील, पण सांगता दोघं एकच. आयुष्यभर मी लोकांना ओरडून सांगत आले की मी मुकी नाही, आणि आता माझी सख्खी बहीण मला मुकी राहायला सांगते.

आईला लोकांनी नावं ठेवलेली ऐकू येत नाहीत म्हणतेस. मला येतात. परवा एक बाई भेटली, माझा हात हातात घेऊन म्हणाली, अशी आई वैऱ्यालाही मिळू नये. मी 'हो' म्हणाले. सवयीने. घरी येऊन मला माझ्याच तोंडात मारावीशी वाटली.

आईला मी काय सांगीन ते मला अजून माहीत नाही. पण मी येतेय. पुढच्या आठवड्यात शूटिंगला सुट्टी आहे. अडवायचं असेल तर दारात उभी राहा.

धाकटी

१७ मार्च

धाकटे,

दारात उभं राहायला मी नसेन. भाऊजींचं ऑपरेशन त्याच आठवड्यात आलंय, मी हॉस्पिटलात त्यांच्याजवळ. आई एकटी आहे, शेजारीण येऊन-जाऊन असेल. किल्ली तिच्याकडे. दूध फ्रिजमध्ये आहे, आणि आईला जिना उतरू देऊ नकोस, ती ऐकत नाही. दोन्ही अर्थांनी.

तू एवढी मोठी नटी. पण आई तुझ्या चेहऱ्यावरचं सगळं वाचते हे लक्षात ठेव. तिथे अभिनय चालत नाही. तिला ते उपासाचं सांगितलंस तर माझ्याशी पुन्हा बोलू नकोस. ही धमकी आहे, विनंती समजू नकोस.

पुस्तक टेबलाखालून काढून कपाटावर ठेवलंय. टेबल पुन्हा हलायला लागलंय.

ताई

२४ मार्च

ताई,

हे पत्र तुझ्याच स्वयंपाकघरात बसून लिहितेय. टेबल खरंच फार हलतं, म्हणून अक्षर असं आलंय. भाऊजींना आता कोण कसं दिसतंय ते कळव.

परवा दुपारी पोचले. येताना गाडीत सगळं पाठ केलं होतं, काय बोलायचं, कुठे थांबायचं, उपासाच्या अलीकडे कसं वळायचं. बेल वाजवून उपयोग नाही म्हणून शेजारणीकडून किल्ली घेतली आणि दार उघडलं. आई समोरच होती. मला बघितलं. माझं पाठांतर सुरू होण्याआधीच तिने हनुवटी वर केली.

ओठ मिटले, गोल झाले, किंचित उघडे राहिले. पण ताई, या वेळी तिचे हात रिकामे होते. उजवा हात पोटावर आला.

मी मान डोलावली. हो.

तिने वाढलं. मी गाडीत खाऊन आले होते, तरी खाल्लं. पुन्हा वाढलं, पुन्हा खाल्लं. ती समोर बसून नुसती बघत होती. हात धुऊन आले तेव्हा तिने मला जवळ बसवलं आणि टीव्हीकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, झालं, आता सुरू होणार. मी मनात माफीची जुळवाजुळव करत होते.

ती काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते. ओठांनीच म्हणाली, सावकाश, मला नीट कळावं म्हणून.

'तू सगळ्या जगाला सांगितलंस की आई दारात उभी राहून रोज विचारायची, भूक?'

ती पुढे बोलत राहिली. लोकांना वाटायचं म्हणे, ही बाई दिवसभर गिरणीत, नवरा नाही, कान नाहीत, पोरींकडे बघत तरी असेल का. शेजारणीही बोलायच्या, तिला त्यांच्या ओठांवरून कळायचं. आणि इतक्या वर्षांनी तिच्या पोरीने टीव्हीवर सांगितलं की आई विचारायची. रोज विचारायची. त्याने तिचे डोळे भरून आले होते. पुस्तकाला तेच नाव दिलंस, म्हणाली, हे फार बरं केलंस.

ताई, तू बघत होतीस. मी बोलत होते. आम्ही दोघी ऐकू येणाऱ्या बायका, आणि त्या सगळ्यात बरोबर वाचलं ते फक्त तिने.

मग माझ्या न जेवण्याचं तिने विचारलंच. म्हणजे विचारलं नाही, तिच्याकडे उत्तर तयार होतं. माझ्या गालावर हात ठेवला आणि म्हणाली, 'पण तू नाहीच म्हणायचीस. एवढीशी होतीस, आणि समज केवढी. ताईसाठी ठेवायचीस.'

हे ती इतकी वर्षं धरून बसलीय. माझी धाकटी स्वतः न खाता मोठीसाठी ठेवायची. शेजारणीला सांगितलंय, मागांवरच्या सगळ्या बायकांना सांगितलं होतं. डॉक्टरकडे नेलं ते भूक नाही म्हणून नाही, तुला वाटतं तसं नाही. ती म्हणाली, मला कळत होतं पोर मुद्दाम नाही म्हणते, म्हणून औषध दिलं, म्हटलं भूक इतकी लागू दे की नाही म्हणता येऊ नये.

माझा आवाज शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत जातो, माईक लागत नाही, त्याबद्दल माझे सत्कार झालेत. तिथे त्याचा काडीचा उपयोग नव्हता. खरं सांगायचं तर पोरगी उगाच उपाशी झोपली हे तिला कळणार, आणि नाही सांगायचं तर फुकटचा मोठेपणा माझ्या गळ्यात. तुझी धमकी आठवली असं म्हणणार नाही. तिचा चेहरा बघितला आणि मी मान डोलावली. हो, ताईसाठी ठेवायची. दोनदा मान डोलावली त्या दिवशी. गाडीत खाऊन आले होते, तरी पहिली खरी होती.

रात्रभर मी संतापाने धुमसत होते. तो गिरणीचा डॉक्टर मेला असेल. त्या शाळेच्या बाई निवृत्त होऊन नातवंडांना बाराखडी शिकवत असतील. गिरणीच्या जागी फर्निचरचं दुकान झालंय, सकाळी मुद्दाम जाऊन बघून आले. आत इतकी शांतता होती की माझ्या चपलांचा आवाज येत होता. विक्रेता धावत आला, काय दाखवू म्हणाला. मी म्हटलं, इथे माझ्या आईचे कान राहिलेत. त्याला वाटलं मी कानातल्यांबद्दल बोलतेय, त्याने काउंटरवर चौकशी केली. हसायलाही आलं आणि एखादं कपाट ढकलून द्यावं असंही वाटलं.

परत आले तर शेजारीण बसली होती, मला बघायला दोन मैत्रिणी घेऊन. आईने माझ्याकडे बोट दाखवलं आणि ओठ हलवले. मी या वेळी टोपली आणायला उठले नाही. तिच्या शेजारी जाऊन बसले.

आता तुझ्यासाठी. मी सगळं लिहितेय. शाळेतला तो प्रश्न, कानातला मळ, दोन हातांतल्या दोन पिशव्या, औषध, उपास, सगळं. प्रकाशक हात जोडतोय, जोडू दे, नाही छापलं तर दुसरा छापेल. तुझं ताट लिहायचं की नाही ते तू ठरव, तू नको म्हणालीस तर नाही. आईला कुणी वाचून दाखवणार नाही, तिला वाचून दाखवणारी एकटी तू आहेस, आणि तुझा जबडा दुखतो. तेव्हा तिला तू हवं तेवढंच वाचून दाखव.

पुस्तकाचं नाव बदललंय. आता ते 'भूक'. आईला मुद्दाम सांगायला जाऊ नकोस, तिच्या लेखी ते पहिल्यापासून हेच होतं.

तुझी धाकटी